काका फोल्डच करत नाहीत! लूज खेळाडूसमोर परत परत पैसे जात असतील तर काय काय तपासायचं

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला, ऑनलाइन कॅश टेबलं बंद झाली आणि तेव्हापासून माझ्या ओळखीतली बरीच पुण्या-मुंबईची पोरं पोकर खेळायला गोव्याला जायला लागलीत, मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर. शब्द नवीन असतील तर आधी एवढं बघा: प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात, टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच उघडतात (बोर्ड), पहिली तीन म्हणजे फ्लॉप, चौथं टर्न, पाचवं रिव्हर. बेट म्हणजे पैसे लावणं, कॉल म्हणजे तेवढेच लावणं, रेज म्हणजे वाढवणं, चेक म्हणजे काही न लावता पाळी पुढे देणं, फोल्ड म्हणजे पानं टाकणं, पॉट म्हणजे मध्ये जमलेले पैसे आणि हँड म्हणजे एक डाव. आणि काका म्हणजे टेबलावरचा लूज, म्हणजे फार पानं खेळणारा, माणूस. परत आली की सगळ्यांची तक्रार एकच. "एक्का-राजा होता, रेज मारला, चार जण कॉल. फ्लॉपला राजा लागला, बेट मारली, काका कॉल. टर्नला परत बेट, परत कॉल. रिव्हरला काकांनी सत्ती-चव्वी उलटी केली, दोन पेअर. असल्या लोकांसमोर चांगलं खेळून उपयोगच नाही यार."

उपयोग आहे, भरपूर आहे. पोकरमध्ये पैसे येतात ते मुळात समोरच्याने नको तिथे कॉल केल्यामुळेच, म्हणजे काका टेबलावर असणं ही चांगली बातमी आहे. फक्त ऑनलाइन जे शिकलात, लहान रेज, पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची बेट, बॅलन्स (चांगली पानं आणि ब्लफ मिसळून खेळणं), रिव्हरला ब्लफ, ते सगळं फोल्ड करू शकणाऱ्या माणसासाठी होतं. इथे समोरचा माणूस वेगळा आहे तर खेळ बदलायला पाहिजे, आणि नेमका कुठे बदलायचा ते बघू.

सगळ्यात आधी हे काका कुठून आले ते समजून घ्या. बहुतेक जण दिवाळीच्या तीन पत्तीतून आलेले असतात. तीन पत्तीत पानं न बघता ब्लाइंड चाल करणं हा खेळाचाच भाग आहे, आणि पैसे टाकून शो मागणं यात तर खरी मजा आहे. त्यामुळे रिव्हरला ५००० ची बेट आली की तुमच्या डोक्यात पॉट ऑड्स (किती टाकायचे आणि किती मिळतील याचं गणित) चालू होतात आणि त्यांच्या डोक्यात "च्यायला, काय आहे ते बघू तरी" एवढंच. ते मूर्ख नाहीत, ते शो विकत घेतायत. अजून एक गोष्ट, तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये फ्लश (म्हणजे कलर) स्ट्रेटच्या (म्हणजे सिक्वेन्सच्या) वर. ही गडबड सवयीने टेबलावर येते, म्हणून बोर्डवर एकाच रंगाची तीन पानं असताना सिक्वेन्स लागलेला माणूस पान टाकत नाही. तुमच्याकडे फ्लश असेल तर तिथे घाबरत घाबरत अर्धी बेट मारू नका, पूर्ण मारा.

दुसरं, "नेहमी" हा शब्द तपासा. लाइव्ह टेबलावर तासाला २५-३० हँड होतात. रात्रभर म्हणजे आठ तास बसलात तरी २४० च्या आत. एक्क्यांची जोडी सरासरी २२१ हँडमध्ये एकदा येते. म्हणजे अख्ख्या रात्रीत एक्के एकदाच आले, तेच मोडले आणि तुम्ही म्हणताय नेहमी मोडतात. ऑनलाइन चार टेबलं उघडून बसायचात तेव्हा एवढे हँड तासाभरात व्हायचे, म्हणून तिथे असा हँड लगेच विसरला जायचा. दोन रात्रींवरून खेळ बदलू नका, हँड कसा खेळलात त्यावरून बदला.

आता मुद्द्याचं. लूज म्हणजे कुठे लूज? हे न बघताच सगळे उपाय सुरू करतात. एक प्रकार असा की फ्लॉप बघायला कुठल्याही पानांवर पैसे टाकेल, पण फ्लॉपला काही लागलं नाही तर गप टाकून देईल. दुसरा एकदा आत आला की खालची पेअर असो, गटशॉट (सिक्वेन्सला मधलं एकच पान हवं) असो, नुसता एक्का असो, शेवटपर्यंत येणार. तिसरा कॉल कमी करतो, रेजच मारत सुटतो. तिघंही तितकेच हँड खेळतात, तिघांनाही टेबलावर लूजच म्हणतात आणि तिघांवर औषध वेगळं आहे. पहिला अर्धा-पाऊण तास स्वतःचे पत्ते टाकून झाल्यावर मोबाइल बघू नका, शोडाऊन (शेवटी उघडलेली पानं) बघा. कोणत्या पानांवर कोण कुठपर्यंत आलं, एवढंच लक्षात ठेवा. ही फुकट मिळणारी माहिती आहे आणि ऑनलाइनवाल्यांना एचयूडीवर (स्क्रीनवर प्रत्येक खेळाडूची आकडेवारी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) आकडे बघायची सवय असल्यामुळे तीच ते सोडून देतात.

पहिल्या प्रकारासमोर काही फारसं करायचं नाही. जोडी नसलेल्या कुठल्याही दोन पानांना फ्लॉपला किमान एक पेअर लागायची शक्यता साधारण ३२ टक्के असते, म्हणजे दोन तृतीयांश वेळा त्याच्याकडे काहीच नसतं. एकास एक असाल तर फ्लॉपला अर्ध्या पॉटची बेट मारा, ती तीनात एकदा चालली तरी बरोबरी होते आणि हा माणूस त्याहून जास्त वेळा फोल्ड करतो. त्याने कॉल केला तर समजा काहीतरी लागलंय, थांबा. संपलं.

खरा त्रास दुसऱ्या प्रकाराचा, शेवटपर्यंत येणाऱ्या काकांचा, आणि तो त्रास बहुतेक वेळा फ्लॉपच्या आधीच सुरू होतो. समजा ब्लाइंड्स (दोघांनी पानं येण्याआधीच टाकायचे पैसे, स्मॉल आणि बिग) १००/२०० आहेत, सगळ्यांकडे २०,००० आहेत. तिघांनी लिंप केलंय (रेज न मारता नुसते २०० टाकलेत) आणि बटनावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेवर, तुमच्याकडे बदामचा एक्का, इस्पिकचा राजा. सवयीने तुम्ही ६०० करता. तिघं कॉल, बिग ब्लाइंडसुद्धा "आता एवढं आहे तर" म्हणून कॉल. पॉट ३१०० आणि फ्लॉपला पाच जण. आता हे आकडे बघा: एक्क्यांची जोडी एका कुठल्याही हातासमोर साधारण ८५ टक्के जिंकते, दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६. जगातली सगळ्यात भारी पानं चौघांसमोर जवळपास अर्ध्या वेळा हरतात, मग एक्का-राजाचं काय सांगू. ६०० चा रेज लिंपरला रेज वाटतच नाही, त्याने आधीच २०० टाकलेत, त्याच्यासाठी हे नुसतं वर ४०० आहे.

इथे पाच बिग ब्लाइंड आणि प्रत्येक लिंपरमागे एक, असा हिशोब धरा. तीन लिंपर म्हणजे १६००. ऑनलाइन असा रेज मारला असता तर सगळे पळाले असते, इथे काका कॉल करणारच आणि आपल्याला तेच हवंय, फक्त एकटे काका हवेत, बरोबर तिघं नकोत. टेबलाचा स्वभाव बघून आकडा हलवा. १६०० ला पण चौघं येतायत? मग २००० करा. सगळेच पळतायत? मग १२०० ला या. फक्त एक पाळा, चांगल्या पानांना मोठा आणि बऱ्या पानांना छोटा असं करू नका, कारण काकांनी लक्ष दिलं नाही तरी टेबलावर अजून दोघं-तिघं शिकलेले बसलेले असतात.

शक्य असेल तर काकांच्या डाव्या हाताला बसा. जागा रिकामी झाली की फ्लोअरला (टेबलांवर देखरेख करणाऱ्याला) सांगून सीट बदलून घ्या, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. मग काकांनी लिंप केल्यावर तुमची पाळी येते, रेज मारून बाकीच्यांना बाहेर काढता येतं आणि पुढे प्रत्येक पानावर ते आधी बोलतात. अर्धी कटकट नुसत्या जागेने कमी होते.

बरं, १६०० केलं, फक्त काका आले. पॉट ३९००, मागे १८,४०० उरलेत. फ्लॉप आला किल्वरचा राजा, चौकटची अठ्ठी, चौकटची चव्वी. काका चेक. आता बहुतेक जण काय करतात, "घाबरून पळून जायला नको" म्हणून १००० मारतात. ही बेट या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे म्हणून जरा नीट बघू. काकांकडे चौकटची दोन पानं असली तर पुढच्या पानावर फ्लश लागायची शक्यता साधारण १९ टक्के. तुमच्या १००० ला कॉल करायला त्यांना ५९०० च्या पॉटमध्ये १००० टाकायचेत, म्हणजे १७ टक्के लागतात. त्यांच्याकडे १९ आहेत! म्हणजे काकांचा कॉल बरोबर आहे, प्रत्येक वेळी त्यांना शंभरेक रुपये सुटतात आणि ते पैसे तुम्ही दिलेत. वर तुम्हीच म्हणणार की काय फालतू कॉल करतात.

आता तिथेच ३००० मारा. कॉल करायला ३० टक्के लागतात, त्यांच्याकडे तेच १९. पुढच्या बेटा बाजूला ठेवल्या तरी या एका कॉलमध्ये त्यांचे साधारण ११०० जातात. अठ्ठीची पेअर घेऊन आले असतील तर पुढच्या पानावर सुधारायला पाचच पानं, ११ टक्के. तरी कॉल करणार, कारण त्यांना आकडा दिसत नाही, त्यांना त्यांची अठ्ठी दिसते. बेट १००० असली काय आणि ३००० असली काय, त्यांची कॉल करायची पानं जवळपास तीच राहतात. मग मोठीच मारायची. हे एवढं एक जरी बदललंत तरी तक्रारीतला मोठा भाग मिटतो असं माझं ठाम मत आहे.

टर्नला इस्पिकची दुर्री, पॉट ९९००. ६५०० मारा, तेवढ्याच ठामपणे. काका कॉल. पॉट २२,९०० आणि तुमच्याकडे ८९०० उरले. रिव्हरला बदामची नव्वी, फ्लश आली नाही. काका चेक. इथे हात थरथरतो आणि पोरं चेक करून पत्ते उलटे करतात, काका राजा-दश्शी दाखवतात आणि आपण पॉट घेऊन खूश. पण ८९०० टेबलावरच राहिले ना! मोजून बघा. एक राजा तुमच्याकडे, एक बोर्डवर, डेकमध्ये दोन. राजा-राणी ८ प्रकारे, राजा-गुलाम ८, राजा-दश्शी ८, आणि काका राजा-सत्ती, राजा-छक्की, राजा-पंजी पण सोडत नाहीत, ते प्रत्येकी अजून ८. तुम्हाला हरवणारे हात आहेतच, राजा-नव्वी, राजा-अठ्ठी, सेट (हातातल्या जोडीला बोर्डवर तिसरं पान) वगैरे, पण त्यातले बरेच फ्लॉपला नाहीतर टर्नला रेज मारून बोलले असते. रिव्हरला व्हॅल्यू बेट (कमी पानांकडून कॉल मिळवायची बेट) मारायला एवढंच लागतं की कॉल आला तर अर्ध्यापेक्षा जास्त वेळा आपण पुढे असू. शेवटपर्यंत येणाऱ्या माणसासमोर इथे आपण असतो. ऑल-इन, म्हणजे उरलेले सगळे पुढे.

रिव्हरला चौकटची सत्ती आली असती तर? काका चेक करतायत तर तुम्हीही चेक करा, शो होऊ द्या. आणि आत्तापर्यंत नुसते कॉल करणारे काका अचानक स्वतःहून मोठी बेट पुढे सरकवतायत, तर एक पेअर टाकून द्या, विचार करत बसू नका.

ब्लफचं थोडक्यात सांगतो कारण उत्तर सोपं आहे आणि ऐकत कोणी नाही. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनात एकदा चालला पाहिजे, पूर्ण पॉटचा दोनात एकदा. शो विकत घ्यायला आलेल्या माणसाकडून रिव्हरला दोनात एक फोल्ड कुठून आणणार? "मी त्यांना पटवून देतो माझ्याकडे फ्लश आहे" म्हणाल, पण ते तुमच्या पानांचा विचारच करत नाहीयेत, ते स्वतःची पेअर बघतायत. ड्रॉ (फ्लश किंवा सिक्वेन्सची वाट बघणारी पानं) हुकला तर चेक करा, हरा, पुढचा हँड. आणि पॉटमध्ये दोघं असतील तर अजूनच नको. प्रत्येक जण १०० पैकी ६० वेळा फोल्ड करत असला तरी दोघांनी एकाच वेळी फोल्ड करायची शक्यता ३६ टक्केच राहते.

आता सगळ्यात महागाची जागा. काका नुसते कॉल करत होते आणि टर्नला अचानक रेज. तुमच्याकडे एक्के आहेत, फ्लॉप होता किल्वरची राणी, चौकटची सत्ती, इस्पिकची पंजी, टर्न बदामची सत्ती. पॉट ९९००, तुम्ही ६५०० मारले, काकांनी १५,४०० सगळेच पुढे केले. डोक्यात येतं की हे तर काहीही खेळतात, मग हेही काहीही असेल. नाही! काहीही *कॉल* करतात. रेज कशावर मारतात ते वेगळं, आणि दोन्हीची गल्लत केली की अख्खा स्टॅक (समोरचे सगळे पैसे) जातो. आकडे बघा: अजून ८९०० टाकायचे, एकूण पॉट होणार ४०,७००, म्हणजे २२ टक्के हवेत. सत्ती असेल तर तुम्हाला वाचवणारे एक्के दोनच, साडेचार टक्के. म्हणजे असा ऑल-इन काकांनी निदान पाचात एकदा राणीच्या पेअरवर किंवा त्याहून कमी पानांवर मारायला हवा, तरच कॉलला अर्थ आहे. त्यांना असं करताना एकदा तरी बघितलंय का? बघितलं असेल तर कॉल करा. नसेल तर एक्के टाका. अवघड जातं मान्य आहे, पण एक्के म्हणजे इथे फक्त एक जोडी आहे आणि त्यांनी रात्रभरात पहिल्यांदा तोंड उघडलंय.

कोणती पानं खेळायची यात पण थोडा बदल लागतो. एक्का-दश्शी, राजा-राणी असल्या हातांची किंमत काकांसमोर वाढते, कारण टॉप पेअर लागली की खालच्या किकरकडून (तीच पेअर पण जोडीचं दुसरं पान लहान असलेल्याकडून) तीन वेळा पैसे मिळतात. छोट्या जोड्यांचीही वाढते. दुर्री ते छक्कीच्या जोडीला फ्लॉपला सेट लागायची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. म्हणून कॉलची किंमत मागे असलेल्या स्टॅकच्या पंधराव्या भागाच्या आत असेल आणि समोरचा सेटला पैसे देणारा असेल तर या, नाहीतर नको. एकाच रंगाचा एक्का आणि कुठलंही लहान पान, हेही स्वस्तात मिळालं तर घ्या, मोठी फ्लश लागली की छोटी फ्लशवाला सोडत नाही. कमी होते ती सत्ती-छक्की, पंजी-चव्वी एका रंगातली, या पानांची अर्धी कमाई समोरच्याला पळवण्यात असते आणि इथे पळणारं कोणी नाही. आणि "ते काहीही खेळतात तर मीही खेळतो" म्हणून गुलाम-चव्वी घेऊन आत जाऊ नका. त्यांच्या चुकांचे पैसे त्यांच्यापेक्षा बरी पानं घेऊन बसलात तरच मिळतात.

तिसऱ्या प्रकाराबद्दल, जो रेजच मारत सुटतो. त्याच्यासमोर वरचं बरंच उलटं होतं. त्याला पळवायचं नाही, त्याच्या हातून ब्लफ करून घ्यायचे. एक्का-दश्शीवर एक्का लागला तर स्वतः बेट मारण्यापेक्षा चेक करा, तो मारेल, कॉल करा. पूर्ण पॉटच्या बेटला कॉल करायला ३३ टक्केच लागतात आणि अशा माणसाकडे तीनात एकदा तरी नुसती हवा, म्हणजे ब्लफ, असतेच. मात्र दोन तास न थांबता मारणारा माणूस थकतो, जिंकलेला स्टॅक जपायला लागतो, म्हणून मध्येमध्ये त्याचे शोडाऊन परत बघत राहा, नऊ वाजताचा माणूस दोन वाजता तोच असेल असं धरू नका.

एक गोष्ट मनापासून सांगायचीय. हँड हरल्यावर काकांना "सत्ती-चव्वीवर कोण कॉल करतं?" असं म्हणू नका. पैशाचं गणित सोडा, ते माणूस म्हणून बरं नाही. ते सुट्टीत दोन घटका मजा करायला आलेत, बरेचदा घरची मंडळी बाहेर डेकवर बसलेली असतात, त्यांनी स्वतःच्या पैशाने हवं ते खेळावं. "छान हँड काका" म्हणा आणि पुढचे पत्ते घ्या. टेबलावर क्लास घ्यायला लागलात की ते एकतर अवघडून उठून जातात नाहीतर नीट खेळायला लागतात. आणि आपल्याकडून पण तेच, जेवढे गेले तर घरी कोणाला काही सांगावं लागणार नाही तेवढेच पैसे घेऊन बोटीवर चढा. उधार, क्रेडिट कार्ड, घराच्या हप्त्याचे पैसे, यातलं काही खिशात असेल तर वरचं सगळं गणित बरोबर असूनसुद्धा रिव्हरला ८९०० पुढे सरकवायला हात उठणार नाही.

एवढं करूनही परत तेच होतंय वाटलं तर मोबाइलच्या नोट्समध्ये प्रत्येक मोठ्या हँडला चार गोष्टी टाका: फ्लॉपला किती जण होते, प्रत्येक पानावर पॉट किती आणि बेट किती, रेज कोणी मारला, शेवटी काय दाखवलं. "बॅड बीट" (पुढे असून नशिबाने हरलो) असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. मग वाचताना फ्लॉपला चार-पाच जण दिसतायत तर प्रीफ्लॉप, म्हणजे फ्लॉपच्या आधीचा, रेज वाढवायचा. पॉटच्या निम्म्याहून कमी बेटा दिसतायत तर आकार वाढवायचा. पैसे काकांच्या रेजला कॉल करून गेलेत तर तिथे फोल्ड. आणि पॉटमध्ये एकटे काका, बेटा मोठ्या, पैसे आत गेले तेव्हा तुम्ही पुढे, आणि रिव्हरच्या पानाने हरलात असं दिसत असेल तर त्या हँडमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही नाही, पुढच्या वेळी अगदी तसाच खेळा.